आयसीएमपीचं तोंड बांधू नका

मंडळी, पत्रिकेवर विषय आहे नेटवर्क तपासायच्या कमांड. जळगाव-धुळ्याहून, थेट नंदुरबारहून लोक आलेत, त्यामुळे पिंग म्हणजे काय ते सांगत बसत नाही. आधी एक मागणी: फायरवॉलवर, म्हणजे नको ती वाहतूक अडवणाऱ्या पहारेकऱ्यावर, आयसीएमपी (नेटवर्कमधले तपासणीचे आणि अडचणींचे निरोप नेणारा प्रोटोकॉल) सरसकट बंद करू नका. पिंगच्या 'आहेस का?'ला उत्तर दिलं नाही म्हणजे आपण सुरक्षित, ही समजूत फार नुकसान करते. माइक म्यूस यांनी १९८३च्या डिसेंबरात पिंग लिहिला तोच मुळी नेटवर्कमधला बिघाड शोधायला. आणि आयसीएमपी म्हणजे नुसता पिंग नव्हे; वाटेतल्या अडचणीचे निरोपही तोच आणतो.

तुमच्याकडच्या कित्येक फायबर जोडण्या पीपीपीओईवर, म्हणजे इथरनेटवरून लॉगिन करून जोडण्याच्या पद्धतीवर, चालतात. इथरनेटवर माहितीचं पॅकेट जास्तीत जास्त १५०० बाइटचं. पीपीपीओई त्यातले ८ खातो, उरतात १४९२. सर्व्हरकडून 'तुकडे करू नका' असा शिक्का मारलेलं १५००चं पॅकेट निघालं, की ते इथे अडकतं. रावेरहून केळी भरलेला ट्रक ठेंगण्या रेल्वेपुलाशी अडावा, तसंच. तिथला राउटर आयसीएमपीने उलट निरोप धाडतो, '१४९२चं पाठव'. सर्व्हरपुढच्या फायरवॉलने तो निरोपच टाकून दिला तर? सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

लक्षण बघा. पिंग चालतो. टीसीपी जोडणीही, म्हणजे सर्व्हरशी पहिली हातमिळवणी, होते, कारण सुरुवातीची तिन्ही पॅकेटं लहान असतात. मग टीएलएसचं, म्हणजे सुरक्षित जोडणीचं, मोठं प्रमाणपत्र यायची वेळ येते आणि ब्राउझरचं चक्र फिरतच राहतं. एक साइट उघडते, दुसरी नाही. राउटर दहादा बंद-चालू करा, काडीचा फरक पडत नाही.

तपासायचं असं: लिनक्सवर 'पिंग -एम डू -एस १४७२', विंडोजवर 'पिंग -एफ -एल १४७२', पुढे पत्ता. १४७२ का? आयपी हेडरचे २० आणि आयसीएमपीचे ८ मिळवा, १५०० होतात. १४७२ अडलं आणि १४६४ गेलं, तर वाट १४९२चीच. राउटरवर एमएसएस (टीसीपीच्या एका पॅकेटमधल्या माहितीची कमाल मर्यादा) १४५२ला बांधा, काम होतं.

वेळ संपत आली म्हणून चिठ्ठी आलीय, बाकीचं भराभर सांगतो. वाटेतला प्रत्येक टप्पा दाखवणाऱ्या एमटीआरमध्ये मधल्याच टप्प्यावर लॉस, म्हणजे हरवलेली पॅकेटं, दिसतो आणि शेवटच्या टप्प्यावर शून्य असतो, तेव्हा इंटरनेट कंपनीला फोन करू नका. तो राउटर आयसीएमपीची उत्तरं मोजूनमापून देतो, एवढंच. साइटचं नाव सापडत नसेल तर 'डिग' कमांडने आधी आपल्या डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला, विचारा, मग गूगलच्या ८.८.८.८ला. पोर्ट, म्हणजे सर्व्हिसचं दार, उघडं आहे का ते बघायला 'एनसी -व्हीझेड': 'रिफ्यूज्ड' आलं तर बहुतेक वेळा मशीन जिवंत, सर्व्हिस बंद, नुसतं ताटकळलं तर आधी फायरवॉलवर संशय घ्या. एवढ्यानेही उलगडलं नाही, तर दोन्ही टोकांना एकाच वेळी येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा टीसीपीडंप लावा. इकडून निघालेलं सिन, म्हणजे जोडणीचं पहिलं पॅकेट, तिकडे दिसलं नाही, तर दोष वाटेत. तिकडे पोचलं, त्याचं उत्तरही निघालं, पण इकडे आलं नाही, तर परतीचा रस्ता तपासा.