कुलाब्याचं चर्च, कुर्ल्याचा दगड

सकाळी सव्वासातला ठाणे स्टेशन. टीम म्हणजे मी, कॅमेऱ्यावर माझा मावसभाऊ आणि आमच्याबरोबर अण्णा. अण्णा कळव्याचे, जुने पाथरवट. एकेकाळी दारोदार फिरून पाट्या-जात्यांना टाकी लावून द्यायचे, घरात मिक्सर आले आणि ते काम संपलं, मग देवळांच्या पायऱ्या, तुळशी वृंदावन, कुंपणाचे खांब, मिळेल ते. कुलाब्याच्या चर्चवर व्हिडिओ करतोय, येता का, असं विचारलं तर ते एवढंच म्हणाले, "दगड कुठला हाय?" आणि खरं सांगतो, तोपर्यंत मी लढाया, तारखा, साहेबांची नावं सगळं वाचून बसलो होतो पण दगड कुठला हे बघितलंच नव्हतं.

तर अफगाण चर्च. मुंबईच्या पार दक्षिण टोकाला, नेव्ही नगरमध्ये. कागदावरचं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, पण टॅक्सीवाल्याला अफगाण चर्चच सांगा. हेरिटेज यादीतली वास्तू. आजूबाजूला सगळा नेव्हीचा एरिया, म्हणजे ड्रोन वगैरे विसरा, त्यामुळे या व्हिडिओत सगळे शॉट खालून वर बघणारे आहेत. ते बरंच झालं म्हणा, कारण ही बिल्डिंग बांधलीच आहे मान वर करून बघायला. मनोरा १९८ फूट, म्हणजे आपल्या घोडबंदर रोडचा साधारण वीस मजली टॉवर धरा, फक्त हा वर जाता जाता निमुळता होत टोकाला संपतो. चर्च वापरात आलं १८५८ च्या जानेवारीत पण मनोरा पुरा व्हायला १८६५ उजाडलं. पुढे बंदरात येणाऱ्या जहाजांना लांबून तो दिसायचा, खूण म्हणून उपयोगी पडायचा.

अण्णा मनोऱ्याकडे बघतच नव्हते. ते थेट भिंतीला जाऊन भिडले. हात फिरवला, नखाने खरवडलं, मग बोटाच्या पेराने दोन ठिकाणी ठोकून कान लावला, आपण कलिंगड घेताना करतो तसं. मला वाटत होतं काळा पाषाण असेल, आपल्याकडे दगड म्हटलं की काळाच डोळ्यासमोर येतो, पण हा मातकट, पिवळट. अण्णा म्हणाले, "कुर्ल्याचा. खाणी बंद झाल्या त्याच्या."

आणि बरोबर निघालं. बाहेरच्या भिंतींना कुर्ल्याचा दगड आहे. हा ज्वालामुखीचा दगड, सहा कोटी वर्षांच्या आसपास जुना, हातोडीने नीट चौकोनी करता येतो पण नक्षी करायला गेलात तर टाकीची धार जाते. म्हणून कमानी, खांब, खिडक्यांच्या कडा, जिथे जिथे वळण आहे तिथे दुसरा दगड, पोरबंदरचा. तो समुद्रातल्या बारीक बारीक शिंपल्यांचे कण दाबून झालेला चुनखडक, साबणासारखा कापला जातो, सीएसएमटीवरची बरीचशी पानं-फुलं-माकडं त्यातच कोरलीत. पण खारी हवा त्याला सोसत नाही. अण्णांनी एका कडेवर अंगठा घासला आणि माझ्यासमोर धरला, अंगठ्यावर पिठासारखी पांढरी पूड. त्याच्या शेजारचा कुर्ल्याचा दगड मात्र दीडशेहून जास्त पावसाळे खाऊन जसाच्या तसा.

आता मला राहवत नाही म्हणून सांगतो, कुर्ला तेव्हा मुंबईत नव्हतं. साष्टीत होतं, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. म्हणजे कुलाब्याच्या या एवढ्या साहेबी चर्चचं अंग आपल्या ठाण्याचं आहे! पायाभरणी १८४७ ची, ठाण्याची गाडी सुरू झाली १८५३ ला, त्यामुळे सुरुवातीचे दगड तरी रेल्वेने गेलेले नाहीत.

आत गेलात की कमानी बघा. गोल नाहीत, वर टोक काढलेल्या आहेत, यालाच गॉथिक म्हणतात. दिसायला छान हे झालंच पण मुद्दा वजनाचा आहे. गोल कमान भिंतीला बाजूला ढकलते, टोकदार कमान तेवढं ढकलत नाही, बराचसा भार सरळ खाली उतरवते, आणि जे काही ढकलणं उरतं ते बाहेरून दिलेले दगडी धिरे अडवतात, इंग्रजीत त्यांना बट्रेस म्हणतात. मग भिंतीत उंच उंच खिडक्या ठेवता येतात. खिडक्यांच्या रंगीत काचा विल्यम वेल्सच्या, आतली सजावट आणि फरशी विल्यम बटरफिल्डची, दोघे इंग्लंडमधले. छत मात्र सागवानी.

आणि भिंतीवर नावं. इंग्रजांच्या पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्या अधिकाऱ्यांची, त्यांच्याच आठवणीत हे चर्च बांधलं, म्हणून अफगाण चर्च. १८४२ च्या जानेवारीत इंग्रजांच्या फौजेने काबूलमधून माघार घेतली तेव्हा साडेचार हजार सैनिक होते, त्यात बहुतेक आपलेच शिपाई, आणि बारा हजाराच्या आसपास नोकरचाकर, बायकापोरं, बर्फातून चालत. त्यातले फार थोडे वाचले. चर्चमधल्या लेखात लिहिलंय की अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर आहेत, आणि साधे सैनिक इतके होते की त्यांची नावं लिहिणं शक्य नव्हतं. नोकरचाकरांचा तर त्यात उल्लेखच नाही. अण्णांना मी हे मराठीत सांगितलं. ते भिंत वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "जागा तर हाय की."

चर्चचा आराखडा कोणाचा ते राहिलंच. हेन्री कॉनिबिअर, हा मूळचा आर्किटेक्ट नव्हेच, इंजिनिअर. मुंबईला पाणी कुठून आणायचं हे डोकं लढवणारा हाच माणूस, आणि विहार तलावाची योजना त्याचीच. १८६० ला ते काम पुरं झालं. पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने नळातून शहरात आलं. विहारही तेव्हा साष्टीतच. म्हणजे पाणीही आपल्याकडूनच गेलं, दगडही आपल्याकडूनच गेला, हा हिशेब मी परत येताना गाडीत मावसभावाला ऐकवत होतो आणि तो कानात इयरफोन घालून बसला होता.

कुर्ला आलं तसे अण्णा उठून दारात जाऊन उभे राहिले. गाडी सुटली, बाहेर बिल्डिंगी, पत्रे, केबलच्या वायरी, नाल्यावरचा पूल. विद्याविहार येईपर्यंत ते तिथेच उभे होते. मग सीटवर येऊन बसले, खिशातून रुमाल काढला आणि अंगठ्याच्या नखात राहिलेली पोरबंदरची पूड पुसायला लागले.