पुस्तकातून मुठीवर आलेले ससाणे

नमस्कार श्रोतेहो.

उत्तर इंग्लंडमधल्या कोळसा खाणींच्या मुलखात बिली कॅस्पर नावाचा एक पोरगा आहे. घरी लक्ष द्यायला कोणी नाही, शाळेत रोजचा मार. त्याला केस्ट्रेल पाळायची आहे. केस्ट्रेल म्हणजे आपली खरुची. हिवाळ्यात माळरानावर एकाच जागी पंख फडफडवत हवेत थांबलेली दिसते, तीच. पण पाळायची कशी, हे सांगणार कोण? बिली वाचनालयात जातो. तिथे नाव नोंदवायला मोठ्या माणसाची सही लागते. मग तो जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ससाणे शिकवण्याचं एक पुस्तक सरळ उचलतो आणि कोटात दडवून घरी आणतो. बॅरी हाइन्स यांची ही कादंबरी 1968 सालची. चोरीचं समर्थन करायचं नसतं, पण ते पान वाचताना दुकानदाराची बाजू घ्यावी असं मला तरी कधी वाटलं नाही.

शिकारी पक्षी मुठीवर बसवण्याची ही विद्या खरं तर हातातून हातात जाणारी. बाप मुलाला शिकवणार, उस्ताद शागिर्दाला. पण विसाव्या शतकात ती परंपरा जागोजाग तुटली आणि कितीतरी जणांना ही विद्या आधी भेटली ती पुस्तकात, तीही लहानपणी. त्यातल्या काहींची गोष्ट आज सांगणार आहे.

पहिली गोष्ट फजितीची. टी. एच. व्हाइट हे इंग्रज लेखक. 1936 साली त्यांनी शाळामास्तरची नोकरी सोडली, रानातल्या एका घरात एकटेच राहायला गेले आणि जर्मनीहून एक गॉसहॉक मागवला. आपण ज्याला बाज म्हणतो तो. त्याला शिकवायला त्यांनी समोर धरलं 1619 साली छापलेलं पुस्तक! त्या जुन्या रीतीप्रमाणे पक्ष्याला हातमोज्यावर घेऊन रात्र रात्र जागायचं. तो बिथरून मुठीवरून खाली झेपावतो, पायातल्या चामडी पट्ट्यांना उलटा लोंबकळतो. त्याला हलकेच उचलून पुन्हा मुठीवर ठेवायचं. पुन्हा तेच, पुन्हा तेच. शेवटी दमून तो तुमच्या मुठीवर झोपला, की त्याने तुम्हाला पत्करलं. तोवर माणसानेही झोपायचं नाही.

व्हाइट जागले. चुकले ते खाण्यात. शिकारी पक्षी मुठीवर परत येतो तो मायेपोटी नाही, भुकेपोटी. पोट भरलेलं असेल तर तो झाडावर बसून तुमच्याकडे खुशाल पाहत राहील, हाका मारून घसा बसला तरी हलणार नाही. फार उपाशी ठेवलात तर खंगेल. या दोहोंमधली जागा फार अरुंद असते. म्हणून जाणता माणूस पक्ष्याला रोज तराजूवर ठेवतो आणि थोड्या ग्रॅमांच्या फरकावर ठरवतो, आज मोकळं सोडायचं की नाही. व्हाइट पक्ष्याला खूश ठेवायला भरमसाट चारत राहिले. पुढे एक दिवस दोरी तुटली आणि गॉस, म्हणजे हाच त्यांचा बाज, रानात गेला तो गेलाच. या सगळ्याचं पुस्तक झालं, पण ते छापून यायला 1951 साल उजाडलं. दरम्यान 1938 साली त्यांनी मुलांसाठी जी कादंबरी लिहिली, तिच्यात मात्र ससाण्यांच्या कोठडीत एक रात्र काढायला त्यांनी छोट्या आर्थरला, पुढे राजा होणाऱ्या त्या पोराला, चक्क पक्षी करून पाठवलं.

फसलेल्या प्रयोगाचं हे पुस्तक हेलन मॅक्डॉनल्ड यांनी लहानपणीच वाचलं आणि या मास्तरांचा त्यांना भयंकर राग आला. पुढे वडील अचानक गेले, त्या दुःखात त्यांनी स्वतः एक बाज पाळला, तेव्हा हेच पुस्तक पुन्हा काढून वाचलं. त्यातून 2014 साली जे पुस्तक आलं ते जगभर गाजलं. मुलांच्या हाती निर्दोष पुस्तकंच द्यावीत असं म्हणणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

आता जी गोष्ट सांगतो ती आपल्या शेजारची आहे, गुजरातेतल्या भावनगरची. फ्रँक आणि जॉन क्रेगहेड हे वॉशिंग्टनचे जुळे भाऊ. पोरवयापासून कडे चढून ससाण्यांची घरटी धुंडाळणारे. 1937 साली, ऐन विशीत, त्यांनी ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्ये आपल्या पक्ष्यांवर सचित्र लेख लिहिला. तो भावनगरच्या धर्मकुमारसिंहजींनी वाचला. महाराजा कृष्णकुमारसिंहजींचे हे धाकटे बंधू, क्रेगहेड भावांच्याच वयाचे आणि त्यांच्याइतकेच पक्ष्यांनी झपाटलेले. पत्रं सुरू झाली, दोस्ती जमली आणि 1940 साली ते दोघे थेट भावनगरला येऊन थडकले. अमेरिकेत त्यांनी बरंचसं पुस्तकं वाचून आणि पडत-धडपडत मिळवलं होतं. इथे संस्थानाच्या पदरी बाजदार होते, पाळीव चित्ते घेऊन काळविटांच्या शिकारीला जाणारी माणसं होती. शिक्रा हा बाजाच्या जातकुळीतला छोटा शिकारी पक्षी, तो तळहातात अलगद धरून लाव्यांच्या मागे भाल्यासारखा फेकायचा, ही तर खास हिंदुस्थानी रीत. 1942 च्या फेब्रुवारीत त्याच मासिकात या मुक्कामाची हकीकत छापून आली. धर्मकुमारसिंहजींनी पुढे सौराष्ट्राच्या पक्ष्यांवर जे पुस्तक लिहिलं, ते पक्षीनिरीक्षक आजही उघडतात.

या जुळ्यांना एक धाकटी बहीण होती, जीन. भावांच्या ससाण्यांच्या संगतीत वाढलेली. 1959 साली तिने सॅम ग्रिबलीची गोष्ट लिहिली. न्यूयॉर्कमधलं घर सोडून हा मुलगा कॅट्स्किलच्या डोंगरात पोकळ झाडात एकटा राहतो, कड्यावरच्या घरट्यातून बहिरी ससाण्याचं पिल्लू काढून आणतो आणि तिचं नाव ठेवतो फ्राइटफुल. त्याच सुमारास डीडीटीमुळे बहिरीच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन घरट्यातच फुटत होती. अमेरिकेच्या पूर्व भागातून हा पक्षी नाहीसा झाला. 1970 साली टॉम केड या प्राध्यापकांनी कॉर्नेल विद्यापीठात बहिरीची पैदास करायचा घाट घातला. ते स्वतः ससाणे उडवणारे. बंदिस्त पक्ष्याला निवांत कसं ठेवायचं, पिल्लू मोकळं कसं सोडायचं, हे ससाणेवाल्यांनाच ठाऊक होतं. 1999 मध्ये बहिरी तिथल्या संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आली.

आपल्याकडेही या विषयावर पुस्तक होतं. कुमाऊंचा राजा रुद्रदेव याने सोळाव्या शतकात संस्कृतात ‘श्यैनिकशास्त्र’ लिहिलं. हरप्रसाद शास्त्रींनी ते 1910 साली कलकत्त्याहून इंग्रजी भाषांतरासह छापलं. पण आज ते वाचून कोणी शिक्रा पाळायला निघालं, तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. आणि आला तेच बरं, कारण हौस एकाची असते आणि जाळ्यात मरणारे पक्षी पुष्कळ. झाडाखाली शिक्र्याचं पिल्लू सापडलं, तर ते वनखात्याला कळवायचं, बिलीसारखं घरी न्यायचं नाही.

वाचायला मात्र कायद्याची आडकाठी नाही. घरात दहा-अकरा वर्षांचं कोणी असेल तर आधी सॅमची गोष्ट द्या. इंग्रजी अडलं तर शेजारी बसून वाचून दाखवा. मग छोट्या आर्थरची. बिलीची गोष्ट चौदा-पंधराव्या वर्षापर्यंत लांबवा. तिचा शेवट मी इथे मुद्दामच सांगितलेला नाही. आणि व्हाइटसाहेबांची फजिती कधीही चालेल, मोठ्यांनाही.

नमस्कार.