लिंकन काउंटी, केंटकी : भिंती वाचायच्या कशा

1775. कंबरलँड गॅप या डोंगरखिंडीतून डॅनियल बून या वाटाड्याने वाट पाडली आणि त्याच वर्षी बेंजामिन लोगन आजच्या स्टॅनफर्डजवळ, झऱ्याकाठी वसला. बारमाही पाणी असेल तिथेच गढी उभी राहायची. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग; 1780 मध्ये व्हर्जिनियाने लिंकन काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) आखली. जमिनीच्या हद्दी झाडं आणि ओढे सांगून लिहिल्या जात, त्यामुळे एकाच तुकड्यावर दोन-तीन दावे पडत. पुढची कित्येक वर्षं कोर्टात गेली.

पहिली घरं ओंडक्यांची. आज पांढऱ्या फळ्यांनी मढवलेलं एखादं जुनं घर दिसलं, तर आधी खिडकीची खोली बघा. चौकट भिंतीत फारच आत बसलेली असेल, तर फळ्यांमागे बहुधा कुऱ्हाडीने तासलेले ओंडके आहेत.

क्रॅब ऑर्चर्डजवळचं विल्यम व्हिटलीचं घर मात्र विटांचं. केंटकीतल्या सर्वांत जुन्या वीटघरांपैकी एक. भट्टीत आगीच्या तोंडाशी असलेल्या विटांचे माथे, म्हणजे आखूड बाजू, जास्त भाजून चकाकतात. गवंड्याने नेमके तेच निवडून पुढच्या भिंतीत विल्यमची आणि मागच्या भिंतीत त्याची बायको एस्थर हिची आद्याक्षरं विणली. हल्ल्याच्या भीतीने तळमजल्याच्या खिडक्या उंचावर ठेवल्या. अशी भिंत एकदा समोर उभं राहून निवांत बघावीच.

ही घरं बिघडतात ती बहुतेक दुरुस्तीमुळे. जुनी वीट मऊ असते, ओल विटांमधल्या चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडते. तिथे सिमेंट भरलं की ओल विटेतच अडकते, हिवाळ्यात गोठून फुगते आणि विटेचा दर्शनी भाग पापुद्र्यांनी सुटतो. ओंडक्यांच्या फटीत सिमेंट भरलं तर लाकूड आकसताच कडेला चीर पडते, पाणी आत शिरतं आणि खालचा ओंडका आतून कुजतो.

म्हणून आधी तळाच्या ओंडक्यात टोच्या मारून बघा. सहज रुतला तर तेवढाच भाग कापून त्याच जातीचं लाकूड जोडा. भिंतीलगत साचलेली माती काढा. ओंडका जमिनीपासून किमान 8 इंच वर हवा. फटीत दगडाच्या चिपा ठोकून वर 1 भाग चुना, 3 भाग वाळू भरा. भरणी वरच्या ओंडक्याच्या पोटाखाली थोडी आत ठेवा आणि तिला बाहेरच्या बाजूला उतार द्या, म्हणजे पाणी थांबत नाही. काही दिवस ओलं गोणपाट टांगून ठेवा. हे काम पहिलं दंव पडण्याच्या बरंच आधी उरकायला हवं, कारण ओला चुना गोठला की भुगा होऊन गळतो.