लष्कराचं मॉड्युलर पिस्तूल: मला ते हवंय, पण एका अटीवर

नमस्कार मंडळी.

आज सुरुवात माझ्या हातापासून करते. (उजवा पंजा कॅमेऱ्याजवळ.) हा माझा हात. लहान आहे. डिचोलीच्या बाजारात बांगड्या भरायला बसले की कासार हात बघूनच दोन-चारचा डबा उघडतो, मला माप सांगावंच लागत नाही.

मी दहा मीटर एअर पिस्तूल नेमबाजी करते. शिकायला लागले तेव्हा क्लबचं पिस्तूल हातात आलं, मध्यम मापाच्या लाकडी मुठीचं. चापापर्यंत बोट पोचायचं, पण जेमतेम, टोकाच्या कडेनं. मग चाप सरळ मागे न येता बाजूला ढकलला जायचा आणि माझे छर्रे एकामागून एक डावीकडे. महिनाभर मी स्वतःलाच दोष देत होते. सरांनी एक दिवस टार्गेटकडे न बघता माझ्या हाताकडे बघितलं आणि एक कानस आणि लाकडात भरायच्या लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, डबा पुढे ठेवला. तीन संध्याकाळी बसून अंगठ्याच्या बेचक्याखालचं लाकूड घासलं, तळव्याखाली जिथे पोकळी राहत होती तिथे लांबी भरली, ओली असतानाच मूठ आवळून धरली. (मूठ दाखवते.) हे बघा, ही माझ्या बोटांची खूण. पिस्तूल तेच, नळी तीच, चाप तोच. छर्रे मधे यायला लागले.

म्हणून 'मॉड्युलर पिस्तूल' हा शब्द ऐकला की मला टॉर्च आणि तो अडकवायची पट्टी, रेल, आठवत नाही, हा लांबीचा डबा आठवतो.

बरेच जण मॉड्युलर म्हणजे वर दुर्बीण लावता येते, खाली लाइट लावता येतो, पुढे आवाज दाबणारा सप्रेसर लावता येतो असं समजतात. हे सगळं जुन्या पिस्तुलांवरही थोड्याफार कामाने बसवता येतं. खरी गोष्ट आत आहे. साध्या पिस्तुलात मूठ आणि सांगाडा एकच असतो. त्याच सांगाड्यात चापाची यंत्रणा बसवलेली असते आणि त्याच्यावरच नंबर ठोकलेला असतो. मॉड्युलर पिस्तुलात चाप, त्याला अडवून धरणारी खिटी, स्प्रिंगा, हे सगळं एका छोट्या पोलादी चौकटीत असतं. तिला फायर कंट्रोल युनिट म्हणतात. नंबर त्या चौकटीवर. म्हणजे कायद्याच्या आणि कागदाच्या दृष्टीने पिस्तूल म्हणजे तेवढीच चौकट. मूठ हा निव्वळ प्लास्टिकचा खोका. लहान हाताला लहान खोका, मोठ्या हाताला मोठा. लांब स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) आणि नळी चढवली की पूर्ण मापाचं पिस्तूल, आखूड चढवली की आटोपशीर.

अमेरिकेने हेच घेतलं. १९ जानेवारी २०१७ ला त्यांच्या लष्कराने सिग सॉअर कंपनीचं पी-३२० निवडलं. मोठ्याला नाव दिलं एम-१७, छोट्याला एम-१८. दहा वर्षांसाठी ५८ कोटी डॉलरपर्यंतचा करार. त्याआधी १९८५ पासून त्यांच्याकडे बेरेटाचं एम-९ होतं. १९८५ च्या त्या स्पर्धेत सिगचंच दुसरं पिस्तूल शेवटपर्यंत टिकून किमतीवर हरलं होतं. २०१७ मध्ये उलट झालं. हरलेल्या ग्लॉक कंपनीने तक्रार केली, ती फेटाळली गेली, आणि सिगची बोली सुमारे दहा कोटी डॉलरने कमी होती हे त्या निकालातून सगळ्यांना कळलं.

एम-९ बद्दल सैनिकांची तक्रार काय होती? मूठ जाड. आणि पहिली गोळी मारताना चाप लांबून आणि जोर लावून ओढायचा, दुसऱ्या गोळीपासून तोच चाप हलका. लहान हाताच्या माणसाला पहिल्या ओढीला बोटच पुरत नाही. मोठ्या हाताच्या माणसांनी घेतलेला निर्णय लहान हाताच्या माणसांनी तीस वर्षं निभावला, असं मला वाटतं.

आता आपल्याकडे या. आपल्या सैन्यातलं ९ एमएम पिस्तूल, ज्याला १-ए म्हणतात, ते ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनतं. मूळ आराखडा ब्राउनिंग हाय-पॉवरचा, १९३५ सालचा. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या इंग्लिस कंपनीने हाय-पॉवर बनवलं, आपलं १-ए त्याच घराण्यातलं. तेरा गोळ्यांचं मॅगझीन. मॅगझीन काढलं की चाप चालत नाही, ही त्याची जुनी खोड.

माझा मामा वाळपईचा. ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या दलात, आर्मरर होता, हत्यारं दुरुस्त करणारा. निवृत्त झाला. या व्हिडिओसाठी त्याच्याकडे गेले होते. त्याला विचारलं, "मामा, १-ए वाईट होतं का रे?" तो म्हणाला, "वाईट कशाला म्हणू? मूठ बारीक, हातात गोड बसायचं. पण सांगाड्याला चीर गेली की संपलं. बीईआरचा कागद, पिस्तूल परत. आतले सगळे भाग ठणठणीत, तरी परत." बीईआर म्हणजे दुरुस्तीचा खर्च परवडत नाही असा शेरा. मॉड्युलरचा मला पटलेला दुसरा फायदा हाच. मूठ तडकली तर खोका फेकायचा, चौकट नव्या खोक्यात घालायची, नंबर तोच, पिस्तूल कामावर. हे काम जवान करणार नाही, त्याला तेवढं उघडायची परवानगी नसतेच. आर्मरर करेल, त्याच्या टेबलावर, काही मिनिटांत. "जवानाला उघडता येत नाही, मग मॉड्युलर कशाला?" असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की एकदा आर्मररच्या टेबलाशी जाऊन बसा.

गोव्यात राहणाऱ्याला आणखी एक गोष्ट सांगावी लागत नाही. खारी हवा. पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातली कात्रीसुद्धा लाल होते. प्लास्टिकची मूठ गंजत नाही. पण आतल्या स्प्रिंगा गंजतात, आणि चौकट पूर्ण बाहेर काढून पुसता येणं ही किनाऱ्यावरच्या तळांसाठी मोठी सोय आहे.

इतकं सगळं बोलल्यावर तुम्हाला वाटेल ही बाई उद्या मोर्चा काढेल, आणा म्हणून. थांबा. आता ज्याने माझी झोप उडवली ते सांगते.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे निवड होऊन सात महिने झाले नाहीत तोवर, बाजारात विकलं जाणारं पी-३२० ठराविक कोनात पडलं की आपोआप गोळी सुटते हे चाचण्यांमध्ये दिसलं. का? हे नीट समजून घ्या. (पिस्तुलाचा लाकडी नमुना हातात घेते.) पिस्तूल मागच्या बाजूवर आपटलं. सांगाडा थांबला. पण चाप हा जरा जड तुकडा, तो आपल्या वेगात पुढे जातच राहिला. पडणाऱ्या पिस्तुलाच्या दृष्टीने 'पुढे' म्हणजे मागे, म्हणजे जिकडे आपण बोटाने ओढतो तिकडेच. बसमध्ये ब्रेक लागला की उभी माणसं पुढे जातात, तसं. बोट न लावता चाप ओढला गेला. कंपनीने ८ ऑगस्टला मोफत सुधारणा जाहीर केली, चाप आणि आतले तुकडे हलके केले. पेंटॅगॉनच्या चाचणी विभागाच्या अहवालातही नंतर आलं की लष्कराच्या चाचणीत पिस्तूल पडून गोळी सुटली होती आणि हलक्या भागांनी ते दुरुस्त केलं.

सुधारणा झाली. तरी कहाणी संपली नाही. होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या पाकिटात, असताना गोळी सुटली असं सांगणारे पोलीस आणि नागरिक कोर्टात गेले. कंपनी ठामपणे म्हणते, चाप ओढल्याशिवाय हे पिस्तूल चालत नाही. २०२४ मध्ये जॉर्जिया आणि फिलाडेल्फिया इथल्या दोन ज्यूरींनी कंपनीविरुद्ध भरपाई मंजूर केली. २०२० मध्ये कॅनडाच्या विशेष दलात याच पिस्तुलातून एक गोळी सुटली. त्या चौकशीत निघालं की होल्स्टर दुसऱ्याच मॉडेलसाठी बनवलेलं होतं, बाहेरच्या कशानेतरी चाप अर्धवट दाबला गेला आणि त्याच वेळी स्लाइड हलली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पिस्तूल निवडायला वर्षं घालवायची आणि कातडी किंवा प्लास्टिकचं पाकीट जुनंच चालवायचं, हे कुठल्याही सैन्यात घडू शकतं. आपल्याकडेही. त्याच कॅनडाने पुढे २०२२ मध्ये महायुद्धातली हाय-पॉवर बाजूला ठेवून पी-३२० घेतलं, सी-२२ या नावाने. म्हणजे चौकशी केली, कारण शोधलं, मग घेतलं. पटतं मला.

आणि २०२५ चा जुलै. वायोमिंगच्या एफ. ई. वॉरन हवाई तळावर एका हवाई सैनिकाचा गोळी लागून मृत्यू झाला. एम-१८ आपोआप उडालं अशी बातमी पसरली. अमेरिकी हवाई दलाच्या ग्लोबल स्ट्राइक कमांडने आपल्या सगळ्या एम-१८ चा वापर थांबवला. पुढे त्याच प्रकरणात दुसऱ्या एका सैनिकाला अटक झाली, सदोष मनुष्यवध आणि खोटं निवेदन असे आरोप. ऑगस्टमध्ये तपासणी करून पिस्तुलं परत वापरात आणली.

बघा काय झालं. पिस्तुलावरचा भरवसा आधीच इतका गेला होता की कुणी 'आपोआप सुटली' म्हटल्यावर सगळ्यांना ते खरंच वाटलं. पहारा देणारा पोरगा रात्रभर कमरेला जे बांधून उभा आहे त्याच्याकडे संशयाने बघायला लागला, तर त्याला मूठ कितीही गोड बसो, काय उपयोग? माझी अट इथून सुरू होते.

आपल्याकडे काम चाललंय. पुण्याच्या पाषाणमधली एआरडीई, म्हणजे डीआरडीओची हत्यारांची प्रयोगशाळा, आणि महूचं इन्फंट्री स्कूल यांनी मिळून 'अस्मि' हे मशीन पिस्तूल, म्हणजे चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहणारं, केलं. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांचा आराखडा, २०२१ च्या जानेवारीत जाहीर झालं, चार महिन्यांत उभं केलं होतं. काही भाग थ्रीडी प्रिंटिंगचे. हैदराबादच्या लोकेश मशीन्सने ते बनवलं आणि २०२४ मध्ये नॉर्दर्न कमांडने ५५० मागवली. मला याचा अभिमान आहे. पण अस्मि वेगळ्या कामाचं हत्यार आहे, १-ए च्या जागी कमरेला लावायचं पिस्तूल नव्हे. ती जागा अजून भरायची आहे.

कुणी म्हणेल, पिस्तुलावर कशाला पैसे, लढाई रायफलने होते. बरोबर, पायदळात रायफलने होते. पण रणगाड्यात कोंबून बसलेल्या माणसाला, मिलिटरी पोलिसाला, गेटवरच्या पहाऱ्याला विचारा. मिलिटरी पोलिसात २०२१ मध्ये ८३ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या मुलींचे हात कुठल्या मापाचे असतील? निवडीच्या दिवशी टेबलाभोवती बसलेल्या अधिकाऱ्यांच्या मापाचे नक्कीच नाहीत. मॉड्युलरची किंमत मी तिथे मोजते.

तर माझी अट. उद्या आपण मॉड्युलर पिस्तूल घेऊ, देशी घेऊ किंवा परदेशी, त्याची पडण्याची चाचणी सगळ्या कोनांतून व्हावी: नळीवर, मुठीवर, स्लाइडच्या मागच्या कोपऱ्यावर, सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारा खटका, लावून आणि काढून. ज्या मुठीसह, ज्या होल्स्टरसह ते जवानाला मिळणार त्याच जोडीची चाचणी व्हावी, कारण मॉड्युलर म्हटलं की जोड्या वाढतात आणि प्रत्येक जोडी म्हणजे नवी चाचणी. लहान खोका तपासला म्हणून मोठा तपासला गेला असं होत नाही. आणि पडून गोळी सुटली तर पहिल्या दिवशी सांगावं. मामाने सांगितलं, त्याच्या नोकरीत एकदा एका हत्यारात दोष सापडला, त्याने लिहून दिलं, आणि ते कागद कुठेतरी फायलीत बसले. आठ महिने. त्या आठ महिन्यांत ती हत्यारं रोज वाटली जात होती, रोज जमा होत होती, आणि प्रत्येक वेळी तो खिडकीतून देताना हाताने सेफ्टी बघत होता. सांगताना त्याचा अंगठा अजून तसाच हलत होता. (अंगठा खाली, वर.) असा.

कमेंटमध्ये आधीच विचारू नका, हे पिस्तूल आपल्याला विकत मिळेल का. नाही. ९ बाय १९ मिलिमीटर हे या पिस्तुलांच्या गोळीचं माप, आणि तो आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, साधं लायसन्स असलं तरी.

त्यापेक्षा एक काम करा. घरातल्या सगळ्यांचं माप घ्या. अंगठा ताणा, त्याच्या आणि तर्जनीच्या बेचक्यात टेपचं टोक धरा, आणि तर्जनीच्या टोकाकडच्या सांध्यापर्यंत मोजा. मी आणि मामाने मोजलं, माझं माप त्याच्यापेक्षा दीड सेंटीमीटरने कमी निघालं. आजीचं माझ्याहून कमी. तुमची मापं खाली लिहा, बाईमाणसाचं की बाप्याचं तेही लिहा, आणि सैन्यात किंवा पोलिसात असाल तर हातात कुठलं पिस्तूल असतं आणि बोट कुठवर पोचतं तेही लिहा. पुढच्या व्हिडिओत ती सगळी मापं एका कागदावर मांडून दाखवते.