क्लुबरची दोन बोटं

(दृश्य: रात्रीचे दिवे लागलेलं क्लीव्हलंडचं मैदान. मधल्या उंचवट्यावर एकटा पिचर.)

क्लीव्हलंडच्या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, कोरी क्लुबर. त्याच्या चेहऱ्यावरून सामन्यात काय चाललंय ते कधीच कळायचं नाही. समोरचा बॅटर बाद झाला तरी तोच चेहरा, आणि चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडला तरी तोच. लोकांनी त्याला नाव पाडलं होतं, 'क्लुबॉट'. अर्धा क्लुबर, अर्धा रोबॉट.

२०१४ चा मोसम तोंडावर आला तेव्हा क्लीव्हलंडबाहेर त्याचं नाव फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं. वय अठ्ठाविसाला टेकलेलं. बेसबॉलमध्ये या वयाच्या पिचरला कुणी 'होतकरू' म्हणत नाही. तो जेवढा आहे तेवढाच, असं धरून चालतात.

(दृश्य: जुने फोटो. टेक्सास, मग फ्लोरिडा.)

शाळेच्या शेवटच्या वर्षी याच्या कोपराचं हाड दुखावलं होतं. शस्त्रक्रिया झाली, दोन स्क्रू बसले. मोठ्या कॉलेजांनी पाठ फिरवली, तेव्हा फ्लोरिडातल्या स्टेटसन या छोट्या विद्यापीठात गेला. २००७ मध्ये, संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, सॅन डिएगो पाद्रेसने त्याला चौथ्या फेरीत निवडलं. तीन वर्षांनी, ३१ जुलै २०१० ला, तीन संघांच्या अदलाबदलीत तो क्लीव्हलंडला आला. त्या दिवशीच्या बातम्यांत मोठी नावं होती रायन लडविक आणि जेक वेस्टब्रुक. क्लुबर म्हणजे भाजीवर मिळालेली कोथिंबीर.

आणि पुढच्या वर्षी कोथिंबीर सुकायलाही लागली. मुख्य लीगच्या एक पायरी खाली, कोलंबसच्या संघाकडून खेळताना २०११ मध्ये त्याचा ईआरए होता ५.५६. ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा. खालच्या लीगमध्ये साडेपाच धावा देणाऱ्याला घरी कधी पाठवायचं, एवढाच प्रश्न उरतो.

(दृश्य: चेंडू अगदी जवळून. लाल टाके. त्यावर दोन बोटं.)

इथे जरा थांबू. बेसबॉलच्या चेंडूवर १०८ दुहेरी टाके असतात. तर्जनी आणि मधलं बोट टाक्यांना आडवी घालून चेंडू सोडला, की तो वेगात आणि बराचसा सरळ जातो. हा फोर-सीम. तीच बोटं टाक्यांच्या बाजूने उभी ठेवली, की चेंडू शेवटच्या क्षणी खाली बसतो आणि फेकणाऱ्या हाताच्या बाजूला सरकतो. हा टू-सीम, किंवा सिंकर. बोटं फिरतात ती जेमतेम पाव वळसा.

क्लुबर वर्षानुवर्षं फोर-सीम टाकत होता आणि त्याचा सरळ चेंडू बॅटरना आवडत होता. २०१२ मध्ये कोलंबसचे पिचिंग कोच रुबेन निएब्ला यांनी त्याला सांगितलं, तो सोड, टू-सीम टाक.

आता गंमत बघा. त्याच्याकडे वळणारा एक चेंडू आधीपासून होता, उजव्या बॅटरपासून दूर पळणारा. त्याच्या जोडीला हा सिंकर आला, त्याच बॅटरच्या अंगात शिरणारा. दोन्ही एकाच हातातून, एकाच जागेवरून सुटतात. कुठला कुठे जाणार, हे कळेपर्यंत बॅट निम्मी फिरलेली असते. इनस्विंग आणि आउटस्विंग मनगट न हलवता टाकणारा गोलंदाज डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्या बॅटरची कीव येईल.

(दृश्य: पडद्यावर आकडे.)

फळ लगेच आलं नाही. २०१२ मध्ये मुख्य संघात त्याचे १२ सामने झाले, ईआरए ५.१४. २०१३ चा मोसमही कोलंबसलाच सुरू झाला. ब्रेट मायर्स जखमी झाला म्हणून एप्रिलमध्ये जागा मिळाली. ऑगस्टमध्ये मधल्या बोटाला दुखापत झाली, त्यात महिनाभर गेला. वर्षअखेर ईआरए ३.८५. बरा. हेडिंगचा नव्हे.

पण त्याच पानावर शेजारी दोन आकडे होते. १३६ स्ट्राइकआउट आणि फक्त ३३ वॉक. म्हणजे एकाला फुकट बेस द्यायचा आणि चौघांना बॅट खांद्यावर टाकून परत पाठवायचं. हे मधल्या फळीतल्या पिचरचे आकडे नव्हेत.

वोरोस मॅकक्रॅकन या अभ्यासकाने २००१ मध्ये एक मुद्दा मांडला होता, आणि त्यावर पुष्कळ वादही झाले. स्ट्राइकआउट, वॉक आणि होम रन हे पिचर आणि बॅटर यांच्यातच मिटतं. बाकी चेंडू मैदानात पडतात, तिथे क्षेत्ररक्षकाचे पाय आणि नशीब यांचा वाटा मोठा. तेवढ्या तीन गोष्टींवरून काढलेला आकडा, एफआयपी, २०१३ च्या क्लुबरसाठी ३.३० होता. ईआरएपेक्षा अर्ध्या धावेहून अधिक चांगला. एका बेसबॉल लेखकाने त्याच वर्षी अर्ध्या थट्टेत 'कोरी क्लुबर सोसायटी'सुद्धा काढली होती. थट्टा अर्धी, खात्री पूर्ण.

तरी मला हे गणित डोक्यावर घेऊन नाचायचं नाही. असे 'कमनशिबी' पिचर दर हिवाळ्यात सापडतात आणि बरेचसे पुढच्या वर्षी होते तिथेच राहतात. गणित फार तर म्हणत होतं, हा ३.३० चा माणूस आहे.

(दृश्य: २०१४. एकामागून एक बाद होणारे बॅटर.)

२०१४ मध्ये त्याचा ईआरए आला २.४४. २३५ इनिंगहून जास्त, १८ विजय, २६९ स्ट्राइकआउट. जुलैअखेर सिएटलविरुद्ध त्याने अख्खा सामना ८५ चेंडूंत संपवला, एकही धाव न देता. सप्टेंबरमध्ये लागोपाठ दोन सामन्यांत चौदा-चौदा स्ट्राइकआउट. पाठीशी क्षेत्ररक्षण तर असं, की झेल सुटला तर नवल वाटू नये. ३.३० पासून २.४४ पर्यंतचा रस्ता कुठल्याच गणितात नव्हता. तो त्या दोन बोटांत होता आणि कोलंबसला ज्यांनी चेंडू वळताना पाहिला त्यांना बहुधा दिसला होता.

नोव्हेंबरमध्ये साय यंग पुरस्काराची, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या पुरस्काराची, मतं मोजली. सिएटलचा फेलिक्स हर्नांडेझ १५९ गुण, क्लुबर १६९. चेहरा तोच.

(दृश्य: स्टेटसनचं छोटं मैदान, दुपार.)

त्याच आठवड्यात दुसऱ्या मुख्य लीगचा, नॅशनल लीगचा, सर्वोत्तम नवोदित जाहीर झाला. न्यूयॉर्क मेट्सचा जेकब डीग्रॉम, नवव्या फेरीत निवडलेला. मे महिन्यात मेट्सने दोन नवे पिचर एक दिवसाच्या अंतराने मैदानात उतरवले होते. सगळ्यांचे डोळे होते राफाएल मोंतेरोवर. डीग्रॉम दुसऱ्या दिवशी आला.

कॉलेजात तो शॉर्टस्टॉप खेळायचा, म्हणजे पिचर नव्हे, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक. कॉलेज हेच, स्टेटसन.