सिद्धरामेश्वरांच्या गावाहून परदेशी येताना

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

अध्यक्ष महोदय, मंडळाचे पदाधिकारी, ज्येष्ठ मंडळी आणि बंधुभगिनींनो,

सोलापूर सोडून कॅनडात घर करायचे ठरले, तेव्हा नातेवाईक आम्हाला दोनच प्रश्न पुन्हापुन्हा विचारत होते. तिकडे नोकरी लागेल का, आणि मुले आपली राहतील का. दोन्हींचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. आजवर ज्याने सांभाळले तो पुढेही सांभाळील, एवढाच काय तो भरवसा होता. परदेशी निघालेल्या माणसाला ‘देवावर भार टाक’ असे सगळेच सांगतात. पण कोणता भार टाकायचा आणि कोणता आपल्याच खांद्यावर ठेवायचा, हे सहसा कोणी सांगत नाही, म्हणून आज त्याविषयी बोलावेसे वाटते.

आम्हा सोलापूरकरांना याचे उत्तर आमच्या ग्रामदैवताच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या कथेत सापडते. बाराव्या शतकात शेतात राखण करणाऱ्या बाल सिद्धरामांकडे मल्लिकार्जुन, म्हणजे श्रीशैलाचा शंकर, जंगमाच्या (फिरत्या शैव साधूच्या) रूपाने आला, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. मुलाने त्याला कोवळा हुरडा दिला. पाहुण्याने दहीभात मागितला, तेव्हा तो आणायला मुलगा घराकडे धावला, आणि परत येऊन पाहतो तर शेतात कोणी नाही. त्याच्या शोधात तो थेट श्रीशैलापर्यंत गेला. तेथे दर्शन झाले, परंतु देवाने त्याला आपल्यापाशी ठेवून घेतले नाही. सोन्नलगीला, म्हणजे आपल्या सोलापूरला, परत जा, मी तेथेच तुझ्याबरोबर आहे, असे सांगून माघारी धाडले. पुढे सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती 68 लिंगांची स्थापना केली आणि माणसे जमवून तलाव खोदून घेतला. ज्याला प्रत्यक्ष देवाचे वचन मिळाले होते, त्यानेही अवर्षणाच्या त्या मुलखात पाण्यासाठी कुदळीचाच मार्ग धरला, हे मला या कथेत फार मोलाचे वाटते.

तेव्हा अर्ज बिनचूक भरणे, पोलीस पडताळणीचा दाखला, वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, ही सारी खटपट आपली. निकाल केव्हा येईल आणि काय येईल, हे मात्र आपल्या हाती नसते; रात्र रात्र जागून त्याचा विचार करण्यापेक्षा तेवढा भार त्याच्या पायाशी ठेवावा आणि सकाळी उठून पुढच्या कामाला लागावे.

सामान बांधताना माणशी 23 किलोच्या दोन बॅगा, एवढाच हिशेब होता. कुलदैवतांचे टाक धाकट्या दिरांकडे राहावेत असे घरात ठरले. सासूबाईंनी बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा चिंचेने घासून लख्ख केल्या, अन्नपूर्णेच्या पळीच्या बेचक्यात अडकलेले जुने कुंकू काडीने काढले, दोन्ही मूर्ती कोरड्या पुसून खणात गुंडाळल्या आणि सिद्धरामेश्वरांच्या विभूतीच्या पुडीसह माझ्या हाती दिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, पण ‘जाऊ नका’ हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. मुलगा आणि नातवंडे डोळ्यांआड जात असताना त्यांनी जो विश्वास दाखवला, त्यापुढे आमचा विश्वास मला आजही लहान वाटतो.

देव असे घराबरोबर चालत आले, हे सोलापूरला नवे नाही. तेलंगणातून हातमाग घेऊन आलेल्या पद्मशाली समाजाने मार्कंडेय ऋषींची भक्ती बरोबर आणली, आणि नारळी पौर्णिमेला निघणारा त्यांचा रथ पाहायला आता सारे शहर लोटते. त्या कुटुंबांनीही निघताना पुढचे काही पाहिलेले नसणारच.

देवावर भरवसा ठेवला म्हणून येथे सारे सुरळीत झाले, असे मी सांगणार नाही, कारण तसे झाले नाही. पहिला हिवाळा फार कठीण गेला. यजमानांनी शिकलेल्या कामाऐवजी गोदामात रात्रपाळी केली, मुलगी शाळेतून आली की गप्प बसून राही, आणि आम्ही येऊन चूक केली की काय, हा विचार मनात रोज डोकावत असे. तरीही सकाळी बाळकृष्णासमोर निरांजन लावताना त्या दिवसापुरते बळ मिळत असे. उद्याचे बळ आज कधी मिळाले नाही. याच मंडळातील एका ज्येष्ठ भगिनींनी दार वाजवून जाडे कोट आणि ज्वारीचे पीठ आणून दिले, तेव्हा हुरडा खाऊन गेलेल्या त्या जंगमाची मला आठवण झाली.

म्हणून एक विनंती करते. या संक्रांतीला आपल्यात काही नवी कुटुंबे आली आहेत. कोणाला घर पाहायला गाडी हवी असेल, कोणाला मुलांच्या शाळेत सोबत कोणी यावे असे वाटत असेल, तर त्यांनी संकोच न करता तिळगुळाच्या टेबलापाशी मला किंवा यजमानांना भेटावे. आणि ज्यांच्याकडे वापरात नसलेले हिवाळी कोट, बूट असतील, त्यांनी ते पुढच्या रविवारी घेऊन यावेत.