दस्ता बदलताना

अमेरिकेतील मोंटाना राज्यात हरणांच्या आणि एल्क नावाच्या मोठ्या हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होतो, आणि त्याआधीचे काही आठवडे अनेक शिकारी आपापल्या रायफली तपासण्यात घालवतात. टेबलावरची ही रायफल रेमिंग्टन मॉडेल 700 आहे. 1962 साली आलेले हे मॉडेल तिथे इतके रुजले की त्याच्या मापाचे दस्ते, म्हणजे नळी जिच्यात बसते आणि जी खांद्याला टेकवतात ती चौकट, बनवण्याचा स्वतंत्र धंदाच उभा राहिला. हिचा मूळ दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आहे आणि देखणाही आहे. परंतु आपल्याकडे पावसाळ्यात दार फुगून चौकटीला धरते, तसे हे लाकूड दमट हवेत फुगून नळीला एका बाजूने रेटते आणि गोळी लागण्याची जागा सरकते. म्हणून मालकाने फायबरग्लासचा दस्ता मागवला आहे.

रायफल रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, बाजूला काढला, की खालचे स्क्रू सोडवून नळी आणि रिसीव्हर (नळीमागचा, बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी भाग) जुन्या दस्त्यातून अलगद उचलता येतात. नवा दस्ता मागवतानाच रिसीव्हर आखूड आहे की लांब, आणि मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, खालून उघडते की बंद आहे, हे पाहिलेले असावे. तिथे चूक झाली असेल, तर पुढच्या कारागिरीला अर्थ नाही.

आता नळी आणि रिसीव्हर यांच्या सांध्यातून खाली डोकावणारी ही जाड पोलादी पट्टी पाहा. हिला रिकॉइल लग म्हणतात, आणि गोळी सुटताना मागे येणारा धक्का ही पट्टी आपल्या मागच्या बाजूने दस्त्याला देते. त्यामुळे मागची बाजू दस्त्याला पूर्ण टेकली पाहिजे, तर पुढे, दोन्ही कडांना आणि तळाशी किंचित फट राहिली पाहिजे. कारागीर लगच्या मागच्या बाजूला काजळीचा पातळ हात देतो, रिसीव्हर दस्त्यात बसवून पुन्हा उचलतो आणि खोबणीत डाग कुठे उमटला ते पाहतो. इथे डाग एकाच कोपऱ्यात आहे, म्हणजे सगळा भार त्या कोपऱ्यावर पडणार. त्यावर उपाय म्हणून खोबणीत पोलादाची पूड मिसळलेले इपॉक्सी भरतात. मात्र त्याआधी लगच्या पुढच्या, कडेच्या आणि खालच्या बाजूंना टेप चिकटवतात, आणि रिसीव्हरच्या तळाला व स्क्रूंना मेण चोळतात. मेणाचा कंटाळा केला, तर रायफल आणि दस्ता कायमचे एक होतात. ही चूक अनुभवी हातांकडूनही होते.

इपॉक्सी पुरते सुकल्यावर स्क्रू टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), दस्ता बनवणाऱ्याने सांगितलेल्या मापापर्यंतच आवळायचे. पुढचा स्क्रू थोडा जरी लांब असला, तर तो आत बोल्टच्या टोकाशी असलेल्या उंचवट्याला (यालाही लगच म्हणतात) अडतो. म्हणून बोल्ट घालून तो सहज फिरतो का, हे हाताने पाहावे. चापाची यंत्रणा दस्त्याला कुठेही घासता कामा नये आणि मॅगझिनची पेटी घट्ट दाबलेली नसावी. मग नळी दस्त्याला कुठे टेकत नाही ना, हे पाहायला कारागीर खिशातून एक डॉलरची नोट काढतो आणि ती नळी व दस्ता यांच्या मधून सरकवत नेतो. अर्ध्यावर नोट अडते. त्या जागी पॉलिश पेपरचे चार हात फिरवल्यावर ती रिसीव्हरपर्यंत विनासायास पोहोचते.

दस्ता बदलला, की दुर्बिणीची जुनी जुळणी गृहीत धरता येत नाही. आता रायफल 100 यार्डांवरच्या कागदी लक्ष्यासमोर जाईल. तिथे नळी थंड होऊ देत तीन-तीन गोळ्या झाडल्या जातील आणि नंतरच दुर्बिणीच्या खुंट्या फिरवल्या जातील.